सी ड्राइव्ह लाल झालाय? आधी बांध कुठं आहे ते बघा

(आजच्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना मध्येमध्ये येणारे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. कॉम्प्युटरसमोर बसून एकेक पायरी करायची असेल तर ऐकण्यापेक्षा हे वाचणं सोपं जाईल.)



२०२५ च्या दिवाळीला नांदेडला घरी गेलो होतो. बॅग खाली ठेवतोय तोवर पप्पा म्हणाले, “अरे, ते कॉम्प्युटर बघ की जरा. सी लाल व्हायलंय. काहीच सेव्ह होईना.” घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की सुट्टीचा पहिला दिवस असाच जातो, तुमच्याकडेही तेच असणार.

पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. कॉम्प्युटर २०१० चा. हार्ड डिस्क पाचशे जीबीची. त्यावर आधी एक्सपी होतं, मग विंडोज सात आलं, आता विंडोज दहा आहे. माय कॉम्प्युटर उघडलं तर असं दिसलं: सी ४८.८ जीबी, डी ९७.६, ई ९७.६ आणि एफ २२१. सी मध्ये उरलेत सातशे एमबी. आणि एफ मध्ये दोनशे जीबी नुसते ओस पडलेत.

पप्पांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला. “डिस्क एकच आहे ना? मग तिकडं दोनशे रिकामे असताना इकडं जागा नाही म्हणजे काय?”

आजचा भाग याच प्रश्नावर. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचे पार्टिशन म्हणजे नक्की काय असतात, सी ला जागा कशी द्यायची, आणि हे करताना डेटा कसा जाऊ द्यायचा नाही. शेवटचा मुद्दा मी पुस्तकातून सांगत नाहीये. तो मी लातूरला शिकलोय, आणि शिकवणी महागात पडली.

लातूरची गोष्ट

साल २०१७, मे महिना. मी नांदेडला बीटेकच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीत लातूरला मामांकडे गेलेलो. दोन वर्षं इंजिनियरिंग झालेलं, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं वय. मामांचा कॉम्प्युटर फार जुना, १६० जीबीची डिस्क, सी आणि डी असे दोनच पार्टिशन. सी भरलेला. मी म्हणालो, “मामा, पाच मिनिटांचं काम आहे. डी मधून वीस जीबी काढतो आणि सी ला जोडतो.”

एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, माऊसने रेघ सरकवली, ओके केलं. पट्टी सरकायला लागली. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पट्टी अडतीस टक्क्यांवर असताना लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली. एकदा पिंक वाजलं आणि सगळं काळं.

लाइट आल्यावर विंडोज सुरू झालं. डी वर क्लिक केलं तर विचारतंय, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करावी लागेल, करायची का?’

डी मध्ये काय होतं? दुकानाची बिलं होती, ती परत करता आली. लग्नाचे फोटो होते, ते इतर नातेवाईकांकडून मिळाले. आणि आजीच्या ओव्या होत्या. माझ्या मामेबहिणीने मोबाइलवर एकेक करून रेकॉर्ड केलेल्या, साठेक असतील. आजी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिचं सगळं माहेर त्या पट्ट्यात होतं. त्यावर तिनं स्वतः जोडलेल्या चार-पाच ओव्या होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवून ठेवल्यात, ते फार मोठं काम आहे. पण त्यात माझी आजी नाही. तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, मामांच्या डी ड्राइव्हमध्ये.

मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “आईचं गाणं होतं रे त्यात.” रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी माझं काय चुकलं ते समजून घेऊ, म्हणजे तुमचं चुकणार नाही.

पार्टिशन म्हणजे शेताचा गट

आपण मराठवाड्यातले लोक, त्यामुळं शेतीच्या भाषेत सांगतो. तुमची हार्ड डिस्क म्हणजे एक सलग रान. सी, डी, ई, एफ हे त्या रानात पाडलेले तुकडे. जमीन तीच, माती तीच. फक्त कुठून कुठपर्यंत कोणाचं, हे कागदावर लिहिलंय.

हा कागद म्हणजे पार्टिशन टेबल, आपला सातबारा. तो डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असतो. जुन्या पद्धतीत, जिला एमबीआर म्हणतात, हा सेक्टर फक्त ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, शेवटचे २ बाइट खुणेला, आणि मधले ६४ बाइट या सातबाऱ्याला. एका नोंदीला १६ बाइट लागतात. चौसष्ट भागिले सोळा, म्हणजे चारच नोंदी. म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर मुख्य पार्टिशन चारपेक्षा जास्त करता येत नाहीत.

चारच का? कारण ही रचना १९८३ ची आहे. त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती, आणि तिच्यासाठी डॉस २.० आलं. दहा एमबीचे चार तुकडे म्हणजे चिक्कार. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीला दिलेली होती, म्हणून हार्ड डिस्कला सी मिळालं. फ्लॉपी गेली, सी राहिला.

मग चारपेक्षा जास्त तुकडे हवे असतील तर? १९८७ मध्ये डॉस ३.३ ने तोड काढली. चारपैकी एक नोंद ‘एक्स्टेंडेड’ करायची, आणि तिच्या पोटात आणखी तुकडे पाडायचे. त्यांना लॉजिकल पार्टिशन म्हणतात. तुम्ही तलाठ्याकडे गेला असाल तर हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे: पोटहिस्सा. एक्स्टेंडेड म्हणजे मोठा गट, लॉजिकल म्हणजे त्याचे पोटहिस्से. आणि या पोटहिस्स्यांचा हिशेब साखळीसारखा असतो, पहिल्याच्या कागदावर दुसऱ्याचा पत्ता, दुसऱ्याच्या कागदावर तिसऱ्याचा. मधली एक कडी तुटली की पुढचे दिसेनासे होतात.

पप्पांच्या कॉम्प्युटरवर हेच होतं. सी स्वतंत्र गट. डी, ई, एफ हे तिघं दुसऱ्या गटातले पोटहिस्से.

नव्या मशीनवर, साधारण विंडोज आठच्या काळापासून, जीपीटी नावाची पद्धत असते. तिच्यात सहसा १२८ नोंदींची जागा असते आणि सातबाऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पण आज आपण जुन्या घरच्या कॉम्प्युटरबद्दल बोलतोय.

हा ४८.८ आकडा कुठून आला?

ही गंमत सांगतो. तुमच्याही जुन्या कॉम्प्युटरवर सी ४८.८ किंवा डी ९७.६ असेल. इन्स्टॉल करताना पार्टिशनचा आकार एमबीमध्ये विचारतात. दुकानातला मुलगा सरळ ५०००० टाइप करतो. विंडोज एक जीबी म्हणजे १०२४ एमबी धरतं, म्हणून पन्नास हजाराचे ४८.८ होतात. एक लाख टाकले की ९७.६. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, म्हणूनच पाचशेची डिस्क ४६५ दिसते. कोणी जागा खाल्लेली नसते.

आणि त्या मुलाला नावं ठेवू नका. त्या काळी एक्सपी सहा महिन्यांनी बिघडायचं, व्हायरस यायचे, मग सी फॉर्मॅट करून पुन्हा टाकायचं. डेटा डी मध्ये असला की तो वाचायचा. पन्नास जीबी तेव्हा एक्सपीला भरपूर होते. विंडोज दहाला मात्र २०१९ पासून मायक्रोसॉफ्टनेच नव्या मशीनसाठी किमान ३२ जीबी लागतील असं सांगितलंय. त्यावर अपडेट, ऑफिस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर. पन्नास कुठं पुरणार?

पण या पद्धतीमुळं घरोघरी एक चुकीची समजूत बसली: ‘डी ला ठेवलंय, म्हणजे सेफ आहे.’ विंडोज बिघडण्यापासून सेफ आहे, एवढंच. डिस्क बिघडली तर सी, डी, ई, एफ सगळे एकदम जातात. एकाच रानाचे तुकडे आहेत हो. पूर आला की बांध बघून पाणी थांबत नाही. सी मधली फाइल डी मध्ये कॉपी केली तर तो बॅकअप नाही. बॅकअप म्हणजे दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या वस्तूवर ठेवलेली प्रत.

कागदाचं काम आणि मातीचं काम

आता मुख्य मुद्दा. पार्टिशनची कामं दोन प्रकारची असतात, आणि स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात.

पहिलं कागदाचं काम. पार्टिशन डिलीट करणं, रिकाम्या जागेत नवीन करणं, उजवीकडं लागून असलेली रिकामी जागा जोडून घेणं. यात प्रामुख्याने नोंद बदलते. काही सेकंदांत, फार तर मिनिटात होतं. चुकून पार्टिशन डिलीट झालं आणि त्यावर दुसरं काही लिहिलं नाही, तर बऱ्याचदा टेस्टडिस्कसारखं सॉफ्टवेअर जुनी नोंद शोधून परत लावू शकतं. सातबाऱ्यावरून नाव गेलं तरी जमीन कुठं जाते?

दुसरं मातीचं काम. पार्टिशनची सुरुवात पुढं-मागं सरकवली की आतला सगळा डेटा उचलून नव्या जागी न्यावा लागतो. डावीकडचा बांध वीस जीबी सरकवायचा म्हणजे अख्ख्या शेताची माती खोऱ्यानं उचलून वीस जीबी पलीकडं टाकायची. जुन्या डिस्कवर याला तासन् तास लागतात. आणि मध्येच लाइट गेली तर अर्धी माती इकडं, अर्धी तिकडं, आणि कागद दोन्हींशी जुळत नाही.

लातूरला मी नेमकं हेच केलं. डी ची डावी बाजू सरकवली, माती हलवायला लावली, मेलेल्या यूपीएसवर, आणि दुसरी प्रत न ठेवता. मला वाटलं रेघ सरकवतोय.

म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी स्वतःला विचारा: हे कागदाचं काम आहे की मातीचं? आणि शक्य असेल तर मातीचं काम कागदाच्या कामात बदलून घ्या. ते कसं, हे पप्पांच्या कॉम्प्युटरवर दाखवतो.

पायरी पहिली: डिस्कची तब्येत

पंधरा वर्षांची डिस्क. तिला कामाला लावण्याआधी नाडी बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचून दाखवतं. निळ्यात ‘गुड’ असेल तर ठीक. पिवळ्यात ‘कॉशन’ असेल, म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर किंवा करंट पेंडिंग सेक्टर यापुढं शून्याऐवजी आकडा दिसत असेल, तर थांबा. त्या डिस्कवर पार्टिशनला हात लावायचा नाही. फक्त डेटा बाहेर काढायचा आणि डिस्क बदलायची. ‘गुड’ दिसलं म्हणजे आयुष्याची हमी मिळाली असंही नाही. पप्पांची डिस्क निळी निघाली.

पायरी दुसरी: बाहेर प्रत

एक टीबीची बाहेरची डिस्क घेतली आणि डी, ई, एफ आणि सी मधला डेस्कटॉप, डॉक्युमेंट सगळं तिच्यावर कॉपी केलं. दीडशे जीबीच्या आसपास होतं. जुन्या मशीनचा यूएसबी हळू, त्यामुळं तीन तास गेले. जाऊ द्या. तेवढ्यात करंज्या झाल्या.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडं प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या जुळवली. मग बाहेरची डिस्क माझ्या लॅपटॉपला लावून वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दहा-पंधरा फाइली उघडून बघितल्या. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का, पेन्शनची कागदपत्रं उघडतात का. जी प्रत उघडून बघितली नाही तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

पायरी तिसरी: आधी केर काढा

बऱ्याच घरांत इथंच काम संपतं, बांधापर्यंत जायची गरजच पडत नाही.

सी वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिस्क क्लीनअप, आणि त्यातलं ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’. जुन्या विंडोजचे अवशेष आणि अपडेटचा कचरा तिथं निघतो. पण यादीत ‘डाउनलोड्स’ असं दिसलं तर त्याची खूण काढा, नाहीतर तुमच्या फाइली जातील. पप्पांकडं चार जीबी निघाले.

मग हायबरनेशन. कॉम्प्युटर झोपवताना रॅममधलं सगळं एका लपलेल्या फाइलमध्ये ठेवलं जातं, ती सी वरच असते. घरच्या डेस्कटॉपला तिचा काही उपयोग नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हायबरनेट बंद केलं की ती फाइल जाते. दीड जीबी मोकळे. यानं फास्ट स्टार्टअपही बंद होतं, त्याचा फायदा पुढं सांगतो.

आणि सगळ्यात मोठं: डेस्कटॉप. आपल्या घरातली मोठी माणसं सगळं डेस्कटॉपवर ठेवतात, कारण समोर दिसतं. पण डेस्कटॉप म्हणजे सी. त्यांना सवय बदला म्हणू नका, जागा बदला. एफ मध्ये ‘पप्पा’ नावाचं फोल्डर केलं, त्यात ‘डेस्कटॉप’ नावाचं दुसरं. मग डेस्कटॉप फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन नावाची टॅब असते, तिथं हा नवा पत्ता दिला. नुसता एफ देऊ नका, त्यातलं फोल्डर द्या, नाहीतर गोंधळ होतो. पप्पांना स्क्रीन तशीच दिसते, फाइली मात्र एफ मध्ये राहतात.

सगळं मिळून सी मध्ये बारा जीबी मोकळे झाले. इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पप्पा रोज स्कॅन करतात, वर्षभरात पुन्हा भरलं असतं. आणि प्रत तर आता बाहेर होतीच.

पायरी चौथी: बांध

विंडोजचं स्वतःचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तर सी वर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं, दाबताच येत नाही. याची दोन कारणं. एक, विंडोजला रिकामी जागा सी च्या लगेच उजवीकडं लागते. एफ मधली दोनशे जीबी दोन शेतं ओलांडून आहे. दोन, शेजारचा डी डिलीट केला तरी ती जागा पोटहिस्स्यांच्या गटातच राहते, हिरव्या चौकटीत ‘फ्री स्पेस’ म्हणून. ती सी ला मिळत नाही. ती ‘अनअलोकेटेड’ व्हावी लागते. पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर हेच: जागा आहे, पण दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे.

इथं एक सावधानतेची सूचना. पार्टिशनची खटपट करताना विंडोज कधीकधी ‘डिस्क डायनॅमिक करू का’ असं विचारतं. नाही म्हणा. डेटा न घालवता तिथून परत यायचा रस्ता विंडोज देत नाही.

मग मातीचं काम टाळण्यासाठी मी असं केलं. डी मध्ये ५८ जीबी होते आणि एफ मध्ये दोनशे रिकामे. डी मधलं सगळं एफ मध्ये एका फोल्डरमध्ये कॉपी केलं. बाहेर एक प्रत होतीच. डी मध्ये एखादा प्रोग्राम इन्स्टॉल केलेला नाही ना, तेही बघितलं, नाहीतर तो नंतर चालत नाही. आता डी गेला तरी कोणाचं काही जात नव्हतं. डी ला सरकवायचंच नाही, काढूनच टाकायचं. माती हलवणं संपलं, उरलं कागदाचं काम.

हे विंडोज बंद असताना जीपार्टेड लाइव्ह नावाच्या फुकट लिनक्स पेनड्राइव्हवरून करतात. त्याआधी दोन गोष्टी. पहिली, जीपार्टेडमध्ये सी, डी अशी नावं दिसत नाहीत, एसडीए१, एसडीए५ असं काहीतरी दिसतं. चुकीचं पार्टिशन उडतं ते इथंच. म्हणून विंडोजमध्ये असतानाच प्रत्येक ड्राइव्हला नाव दिलं आणि वहीच्या पानावर डावीकडून उजवीकडं क्रम आणि आकार लिहून घेतले. दुसरी, विंडोज पूर्ण बंद झालेलं हवं. फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर विंडोज बंद न होता अर्धवट झोपतं, आणि मग बाहेरून त्या पार्टिशनला हात लावणं धोक्याचं असतं. हायबरनेशन आपण आधीच बंद केलंय, म्हणून ही अडचण आली नाही.

आणि लाइट. यूपीएसला नवी बॅटरी टाकली. काहीच काम चालू नसताना प्लग काढून बघितला, किती वेळ धरतो ते. दहा मिनिटं धरला. कागदाच्या कामाला पुरेसे.

मग जीपार्टेडमध्ये तीन गोष्टी, याच क्रमाने. डी डिलीट. मग एक्स्टेंडेड गटाची डावी कड उजवीकडं सरकवून ई च्या सुरुवातीपर्यंत आणली. एक्स्टेंडेड डिलीट करायचा नाही बरं का, त्याच्या पोटात ई आणि एफ आहेत. फक्त कड सरकवायची. आता मधली जागा कोणाच्याच नावावर नाही. मग सी ची उजवी कड तिथपर्यंत ओढली. जीपार्टेड लगेच काही करत नाही, खाली यादी दाखवतं. ती यादी मी पप्पांना मोठ्यानं वाचायला लावली आणि वहीशी जुळवली. यादीत डेटा असलेल्या पार्टिशनपुढं ‘मूव्ह’ असा शब्द दिसला तर समजा, माती हलणार आहे. आमच्या यादीत सी, ई किंवा एफ पुढं तो नव्हता. मग हिरवी खूण दाबली.

काही मिनिटांत झालं. पुन्हा सुरू करताना विंडोजने डिस्क तपासायला घेतली तर तपासू द्यायचं, मध्ये बंद करायचं नाही. सी झाला १४६ जीबी. पप्पा म्हणाले, “एवढंच होतं?” मी म्हणालो, “हो, एवढंच. पण तयारीला दिवस गेला.”

खरं सांगायचं तर विंडोज दहाचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि हे मशीन अकरा घेण्यातलं नाही. पुढच्या वेळी एक एसएसडी टाकून नव्याने सगळं करणार आहे. तेव्हाही बाहेरची प्रतच कामाला येईल.

लातूरचं पुढं काय झालं

‘फॉर्मॅट करायची का’ या प्रश्नाला मी नाही म्हणालो होतो, त्या दिवसातलं माझं एकमेव शहाणपण. तुम्हालाही हा प्रश्न कधी आला तर नाहीच म्हणा, आणि त्या डिस्कवर काही लिहू नका. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि फोटोरेक चालवलं. ख्रिस्तोफ ग्रेनिये नावाच्या फ्रेंच माणसानं लिहिलेलं, टेस्टडिस्कचं भावंड. ते सातबारा बघतच नाही. सरळ मातीत हात घालून ओळखीच्या फाइली शोधतं. सापडलेलं दुसऱ्याच डिस्कवर उतरवायचं, त्याच डिस्कवर नाही.

रात्रभर चाललं. साठेक ओव्यांपैकी त्रेचाळीस आल्या. काही मध्येच तुटलेल्या. आणि नावं सगळी गेली, कारण नावं कागदावर असतात, मातीत नाही. प्रत्येक फाइलचं नाव एफ आणि पुढं आकडे.

आजी २०१९ मध्ये गेली. यंदा भाऊबीजेला आईबरोबर लातूरला गेलो तेव्हा बाहेरची डिस्क घेऊन गेलो. मामी आणि आई दुपारभर हेडफोन लावून बसल्या. एकेक ऐकायच्या आणि सांगायच्या, ही रामाची, ही भावाची, ही जात्याची नाही, हा पाळणा आहे. मी नावं टाकत गेलो. एकोणतीस ओळखू आल्या. त्या आता तीन ठिकाणी आहेत: मामांकडं, आमच्याकडं नांदेडला, आणि पुण्यात माझ्याकडं. किल्लारीच्या ओव्यांपैकी एकही मिळाली नाही. मामीला त्यातली एक ओळ आठवते, तेवढी तिच्या आवाजात रेकॉर्ड केली.

तर मंडळी, या रविवारी एक काम करा. घरातला जुना कॉम्प्युटर उघडा. पार्टिशनला हात लावू नका. फक्त बघा, की अशी कुठली फाइल आहे जी दुसरीकडं कुठंच नाही. ती आधी बाहेर काढा. सी लाल असला तर आठवडाभर राहू द्या लाल.

काही अडलं तर कळवा, स्क्रीनचा फोटो पाठवा, पण बटण दाबायच्या आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.